चुरी डॉक्टरांच्या दुरुस्त्या

"वहिनी, एक दुरुस्ती आहे."

हे वाक्य कानावर आलं की मी माझ्या मेडिकल स्टोअरमधलं एक कपाट उघडायला उठायचे. काउंटरच्या पलीकडे चुरी डॉक्टर उभे असायचे. पायात शेणाने माखलेले गमबूट, शर्टाच्या खिशात थर्मामीटर आणि त्याच खिशात खारे दाणे. दुरुस्ती म्हणजे काय, तर गेल्या वर्षी जे औषध त्यांनी "डोळे मिटून मागवा" म्हणून सांगितलं होतं, ते आता मागवायचं नाही. मग कपाटात भरून ठेवलंय त्याचं काय करू? दोन दाणे तोंडात टाकून ते म्हणत, "तेव्हा तसं वाटत होतं. आता तसं वाटत नाही."

वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्या दिवसांत मी तिथे मेडिकल स्टोअर काढलं. नवरा मुंबईला नोकरीला, मी फार्मसीचा डिप्लोमा घेऊन घरी बसलेली. शेजारचा गाळा चुरी डॉक्टरांचा होता, गुरांचा दवाखाना. डॉक्टर मूळचे वसईचेच, वाडवळ समाजातले. पश्चिमेला वाडी, माडपोफळी, केळी. पण त्यांचे पेशंट सगळे पूर्वेला. गोखिवऱ्याच्या, सातिवलीच्या बाजूला म्हशींचे तबेले होते आणि तिथले भय्ये डॉक्टरांना देव मानत. म्हणजे सुरुवातीला तरी मानत. पहिल्याच आठवड्यात डॉक्टर माझ्या दुकानात आले, सगळी कपाटं न्याहाळली आणि म्हणाले, "यातलं एक जनावरांसाठी ठेवा. माझे लोक औषधाला वसई गावापर्यंत जातात." मी ठेवलं. त्या कपाटाने मला पुढे जो मनस्ताप दिला, तेवढा बाकीच्या दुकानाने मिळून दिला नाही.

त्यांच्या बायकोची, सुलभावहिनींची आणि माझी गट्टी जमली ती या मनस्तापातूनच. त्यांच्या घरची तर तऱ्हाच निराळी. घरच्या वाडीतल्या नारळाचं तेल घाण्यावर काढून आणायचं, हा त्या घराचा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. डॉक्टरांनी कुठेसं वाचलं की खोबरेल हृदयाला वाईट. झालं. घरात माडांची रांग उभी असताना हा माणूस बाजारातून करडईचं तेल आणू लागला. असं दहा-एक वर्षं चाललं. मग एके दिवशी जेवताना म्हणाले, "सुलभा, एक दुरुस्ती आहे. खोबरेल समजत होतो तेवढं वाईट नसावं, असं आता म्हणतायत."

सुलभावहिनींनी वाढता वाढता सांगितलं, "मी कुठं बंद केलं होतं? तुमची भाजी करडईत करायचे, माझी नि सासूबाईंची खोबरेलात. रोज दोन कढया."

आपल्याला फसवलं म्हणून कुणीही चिडलं असतं. डॉक्टर चिडलेच, पण भलत्याच गोष्टीवर. "दहा वर्षं एका घरात दोन कढया होत्या आणि तू मला बोलली नाहीस? अगं, आईचं नि माझं रक्त दरवर्षी तपासून ताडून बघता आलं असतं! घरबसल्या पुरावा होता!"

"त्या दिवशी मला वाटलं, भरलेली कढई डोक्यावर उपडी करावी," हे सांगताना वहिनींच्या डोळ्यांत हसून पाणी आलं होतं. पण पदराने डोळे पुसताना त्या हळूच म्हणाल्या, "बाहेरचे लोक हसत नाहीत हो. ते फक्त नावं ठेवतात."

ते खरंच होतं. रामसमुझ म्हणून एक तबेलेवाला होता, डॉक्टरांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. डॉक्टरांनी त्याला एका वर्षी सांगितलं होतं, पारडू जन्मलं की चीक बेताने पाजायचा, जास्त झाला की हगवण लागते. पुढच्या वर्षी सांगितलं, जन्मल्यावर पहिल्या तासात पिईल तेवढा पाजायचा. माझ्या काउंटरशीच हे संभाषण झालं.

"डॉक्टर साहब, पिछले साल तो आप बोले थे, कम पिलाओ."

"पिछले साल वैसा मालूम था. इस साल ऐसा मालूम है."

"तो अगले साल?"

"अगले साल का अगले साल देखेंगे."

रामसमुझने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी डॉक्टरांची मोठी बहीण आहे आणि त्यांना समजावणं माझं काम आहे. डॉक्टर निघून गेल्यावर तो म्हणाला, "आदमी अच्छे हैं, मॅडम. मगर टिकते नहीं."

मलाही तेच वाटायचं. माणसाने एकदा तरी पाय रोवून उभं राहावं. आमच्या घरचे फॅमिली डॉक्टर वर्षानुवर्षं तीच तांबडी बाटली देत. माणसं विश्वासाने घेत आणि बरीही होत. चुरी डॉक्टर मात्र महिन्याला येणारी कसली कसली मासिकं वाचत, परिषदांना जाऊन तिथल्या वक्त्यांशी वाद घालत, आणि परत येऊन माझं कपाट रिकामं करायला लावत.

एकाच बाबतीत ते वर्षानुवर्षं ठाम राहिले, आणि नेमकी तीच गोष्ट चुकीची निघाली.

भुईगावचे इनासकाका आपली गाय घेऊन टेम्पोतून दवाखान्यात येत. म्हातारा ख्रिस्ती शेतकरी, गळ्यात जाड दोऱ्यात क्रूस, बोलणं मोठ्याने. एकदा गाय तपासून झाल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर, आमच्या उंच माडावर गिधाडांचं घरटं असायचं, माज्या बापाच्या वेळपासून. दोन सालं झाली, कोन बसत नाय."

डॉक्टर हात धुता धुता थांबले. लहानपणी गावाबाहेर मेलेला बैल सकाळी टाकला की संध्याकाळपर्यंत पांढरी हाडं उरायची, शेपन्नास गिधाडं उतरायची, हे ते नेहमी सांगत. किळसवाणं वर्णन करायचे, अगदी माझ्या जेवणाच्या वेळी. पण सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की जणू ते गणपतीच्या आराशीचं वर्णन करतायत.

त्या दिवशी ते म्हणाले, बिल्डिंगा वाढल्या, उंच झाडं तुटली, म्हणून गेली असतील.

"आमच्याकडं कुठं आल्या बिल्डिंगा?" इनासकाका म्हणाले. "आनि माड आहे ना उभा."

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, कुणी कुत्र्यांसाठी विष घालत असेल. तेही टिकलं नाही, कारण गिधाडं वसईतूनच नाही, सगळीकडूनच नाहीशी होत चालली आहेत, असं पेपरात येऊ लागलं. सगळ्या देशात एकदम विष कोण घालणार? शेवटी डॉक्टर एका निष्कर्षावर आले. हा रोग आहे. नवा विषाणू आहे, गिधाडांच्या मूत्रपिंडावर जातो. तेव्हा पुष्कळ जाणकारही हेच म्हणत होते, त्यामुळे डॉक्टरांचा आवाज चढला.

आणि मग ते पोतं आलं.

दुपारची वेळ. दुकानात एक बाई मुलाच्या तापाचं औषध घेत होत्या. डॉक्टर आले, हातात ओलं गोणपाट, दारातच म्हणाले, "वहिनी, तुमचा फ्रिज थोडा वेळ लागेल."

"कशाला?"

"चिंचोटीजवळ मिळालं. ताजं आहे. संध्याकाळी उघडून बघतो, तोपर्यंत सडायला नको."

गोणपाटातून एक लांब उघडी मान लोंबत होती. त्या बाई औषध तिथेच ठेवून मुलाला उचलून पळाल्या. मी काउंटरच्या बाहेर येऊन फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. "डॉक्टर, आत इन्सुलिन आहे. लहान मुलांच्या लशी आहेत. तुमचं गिधाड इथे जाणार नाही."

"एका खालच्या कप्प्यात..."

"नाही."

"प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून?"

"डॉक्टर, मी आता ओरडेन."

त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. पोतं उचलून घरी गेले आणि परसात, कपडे धुवायच्या दगडावर त्यांनी ते गिधाड फाडलं. त्यानंतर सुलभावहिनी तीन आठवडे त्या दगडावर कपडे धूत नव्हत्या. डॉक्टर मात्र दुसऱ्या दिवशी झपाटल्यासारखे आले. आतल्या सगळ्या अवयवांवर पांढरा चुना बसलेला होता म्हणे, काळजावर, मूत्रपिंडावर, जणू कुणी भिंत रंगवावी तसा. "मूत्रपिंड निकामी. म्हणजे विषाणूच. आता मला खात्री आहे."

या खात्रीवर त्यांनी वसई गावातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये भाषण दिलं. हॉल भरला होता. कारण गिधाडं गेल्याचा त्रास तोवर सगळ्यांना कळू लागला होता. मेलेली जनावरं रस्त्याकडेला सडत पडत, कुत्र्यांच्या टोळ्या वाढल्या होत्या, आणि माझ्याकडे कुत्रा चावल्यावरची लस मागायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. डॉक्टर छान बोलले. टाळ्या पडल्या. पहिल्यांदाच मला वाटलं, चला, हा माणूस एकदाचा कुठेतरी स्थिर झाला.

काही वर्षं तशी शांततेत गेली. मग पेपरात एक बातमी आली. पाकिस्तानात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना आढळलं होतं की गिधाडं रोगाने मरत नाहीत, औषधाने मरतात. गुरांना दुखण्यावर जे इंजेक्शन सर्रास देतात, ते टोचलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडाने खाल्लं की त्याचं मूत्रपिंड बंद पडतं.

ते इंजेक्शन चुरी डॉक्टरांचं लाडकं होतं. म्हैस लंगडली, सड सुजला, ताप आला, की तेच. टोचलं की संध्याकाळी जनावर उठून चारा खायचं. माझ्या त्या कपाटातले दोन कप्पे त्यानेच भरलेले होते.

पेपराचं कात्रण काउंटरवर आपटून डॉक्टर म्हणाले, "काहीतरीच! म्हशीएवढ्या म्हशीला एवढंसं औषध. त्यातलं मांसात किती उरणार, आणि त्या पक्ष्याच्या पोटात किती जाणार? त्याने मरेल?"

एरवी रोज मत बदलणारा हा माणूस या वेळी बदलेना. बातमी खोटी, प्रयोग अपुरा, तिकडची गिधाडं वेगळी. दोन आठवडे रोज येऊन मला हेच ऐकवायचे. मी हिशोब करायचे आणि मान डोलवायचे. मला गिधाडांशी काही घेणं नव्हतं. दोन कप्पे भरलेले आहेत, ते भरलेले राहावेत, एवढीच माझी इच्छा.

असेच ते बडबडत बसले असताना रामसमुझ आला. नवीन म्हैस लंगडत होती.

"मॅडम, वो वाला इंजेक्शन दीजिए, जो भूरी को दिया था."

"कौन भूरी?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

"अरे साहब, भूल गए? वही, जो उठ नहीं पाई. आपने तीन दिन सुबह-शाम लगाया था. फिर मर गई तो चिंचोटी की तरफ फिंकवा दिया. उसी के पास से तो आप वो गिद्ध बोरी में भरके लाए थे."

डॉक्टरांचा हात खिशात दाण्यांकडे गेला होता, तो तिथेच राहिला.

"मरी कब थी?"

"तीसरे दिन. आपके लगाने के बाद, उसी रात."

डॉक्टर स्टुलावर बसले. रामसमुझने दोनदा विचारलं की इंजेक्शन घेऊ का. डॉक्टर उठून चालतच घरी निघाले. त्यांची स्कूटर दुसऱ्या दिवशीपर्यंत माझ्या दुकानासमोर उभी होती.

दुसऱ्या दिवशी आले ते दाढी न करता. मी चहा मागवला. म्हणाले, "एका म्हशीवरून काही सिद्ध होत नाही, वहिनी."

"नाहीच होत," मी घाईघाईने म्हटलं.

"पण माझंही काही सिद्ध झालं नव्हतं. विषाणू मी कधी पाहिला नाही. मी चुना पाहिला, आणि विषाणू मनाने घातला." चहा तसाच ठेवून त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. "ते काढा."

इथे आमचं भांडण झालं. तसं भांडण मी नवऱ्याशीही कधी केलं नाही.

"हे औषध म्हशीला चालतं की नाही?"

"चालतं."

"कुणाची म्हैस याने मेली?"

"नाही मेली."

"मग मी म्हशीचं औषध गिधाडाच्या तब्येतीसाठी बंद करू?"

"हो."

"आणि उद्या परत दुरुस्ती आली तर?"

"तर उद्या येऊन सांगेन."

मी तोंडाला येईल ते बोलले. सगळ्या गावाला तुम्ही वेड लावलंय म्हणाले, माणसं तुमच्याकडे औषधासाठी येतात, वादासाठी नाही म्हणाले. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. त्या खाली घातलेल्या मानेचा मला आणखी राग आला. शेवटी खोकी कंपनीला परत पाठवली. पाठवताना पोऱ्यावर ओरडले, कुरियरवाल्यावर ओरडले, घरी जाऊन पोरांवर ओरडले.

डॉक्टर तबेल्या-तबेल्यात गेले. हे टोचू नका, दुसरं एक आहे, थोडं हळू काम करतं, ते वापरा. लोकांना हळू काम करणारं औषध कशाला हवं? म्हैस एक दिवस बसली की दूध गेलं. शिवाय कालपर्यंत हेच औषध कुणी टोचलं होतं? पलीकडच्या नाक्यावर एकजण होता, डिग्री नव्हती पण पिशवीत ते इंजेक्शन होतं. लोक त्याच्याकडे वळले. सगळ्यात शेवटी रामसमुझ गेला. जाताना मला म्हणाला, "क्या करें मॅडम, भैंस को तो आज खड़ा होना है."

मग डॉक्टरांनी पुन्हा वाचनालयाचा हॉल मागितला. सुलभावहिनी म्हणाल्या, "कशाला? कोण विचारायला आलंय तुम्हाला?" डॉक्टर म्हणाले, "जिथे सांगितलं तिथेच जाऊन परत सांगायला हवं." वहिनी गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तू जा. एकटे नकोत." म्हणून मी गेले.

पुढच्या दोन रांगाही भरल्या नव्हत्या. इनासकाका आले होते, स्वच्छ शर्ट घालून, चर्चमध्ये मिस्साला जावं तसे. डॉक्टर उभे राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, एक दुरुस्ती आहे. ते म्हणाले, "मी याच जागी तुम्हाला विषाणू सांगितला होता. माझं चुकलं. गिधाडं औषधाने गेली, आणि इथल्या पुष्कळ जनावरांना ते औषध मी स्वतः टोचलेलं आहे."

इतक्या वर्षांत 'चुकलं' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

मागून एक निवृत्त मास्तर उठले. "डॉक्टर, तेव्हाही तुम्हाला खात्री होती. मग हे तरी बरोबर कशावरून?"

अशा वेळी माणूस ठणकावून सांगतो, किंवा हात जोडतो. डॉक्टरांनी विचार केला. माझ्या मते फारच वेळ विचार केला. म्हणाले, "हे त्याच्यापेक्षा बरोबर आहे. त्याच्या मागे माझा तर्क होता, याच्या मागे त्यांनी करून पाहिलेला प्रयोग आहे. याहून जास्त मला सांगता येणार नाही."

कुणीतरी हसलं. मला त्या हसणाऱ्याचा राग आला, आणि असं अर्धवट उत्तर देणाऱ्या डॉक्टरांचाही. बाहेर पडताना इनासकाका त्यांच्याजवळ आले. मला वाटलं, धीर देतील. ते म्हणाले, "माज्या गायला पन दिलं होतं काय ते?" डॉक्टर म्हणाले, "दोनदा." इनासकाका चपला शोधू लागले. त्यानंतरही ते गाय डॉक्टरांकडेच आणत राहिले, एवढं मात्र सांगितलं पाहिजे.

पुढे सरकारनेच ते औषध गुरांसाठी बंद केलं. मला वाटलं, आता तरी डॉक्टर दुकानात येऊन छाती काढून बोलतील. ते आले, दाण्यांची पुडी घेऊन. मी विषय काढला, तर म्हणाले, "बंद कुठे झालंय? माणसांचं तेच इंजेक्शन लोक म्हशींना टोचतायत. तुम्ही चिठ्ठी बघून देता ना?" म्हणजे पुन्हा माझ्याच डोक्याला ताप. गेलेली गिऱ्हाइकं परतली नाहीत. काही दिवसांनी त्यांनी गाळा सोडला. तिथे मोबाईल रिचार्जचं दुकान आलं.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. नणंदेच्या नव्या घराची वास्तुशांत होती कामणला, रिक्षाने चालले होते. चिंचोटी मागे पडल्यावर भयंकर वास आला, रिक्षावाल्याने नाकाला रुमाल लावला, आणि रस्त्याच्या कडेला मला ती ओळखीची स्कूटर दिसली. मी रिक्षा थांबवायला लावली.

खाली उतारावर एक मेलेला बैल पडला होता, फुगलेला. चार-पाच कुत्री लांब बसून होती. एक मजूर खड्डा खणत होता आणि दुसऱ्या बाजूने चुरी डॉक्टर खणत होते. पँट मोज्यांत खोचलेली, तोंडाला फडकं, केस पार पांढरे. बाजूला चुन्याची गोणी.

"डॉक्टर! हे काय? नगरपालिकेला कळवायचं ना!"

"कळवलंय. येतील तेव्हा येतील." त्यांनी फडकं खाली ओढलं. "कुणी काय टोचलंय याला, ठाऊक नाही. म्हटलं, पुरून टाकू."

नव्या साडीचा पदर मी नाकाला लावला होता, उशीर होत होता, आणि इतक्या वर्षांचा वैताग पुन्हा उफाळून आला. "अहो, पण कुणासाठी? इथे गिधाडं राहिलीयत का एक तरी?"

"दिसलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "असलं एखादं तर?"

मी रिक्षात जाऊन बसले. रिक्षा वळताना मागे पाहिलं. त्या दोघांनी दोर लावून बैल खड्ड्यात ओढला होता, पण खड्डा आखूड पडला होता. ताठ झालेले चारही पाय बाहेर राहिले होते. मजूर कपाळाला हात लावून उभा होता. डॉक्टरांनी एकदा पायांकडे पाहिलं, एकदा खड्ड्याकडे, आणि फावडं उचलून पायांच्या बाजूने आणखी खणायला घेतलं.